मुक्कामी गाडी

गेले चार वीकांत आमच्या घरात एकच विषय चालू आहे, न्यूझीलंडचं दक्षिण बेट. बायको, लेक, आई, अण्णा आणि मी, अशी पाच माणसं, एक कॅम्परव्हॅन आणि चौदा रात्री. तिकिटं काढून झाली आहेत. एप्रिलच्या शेवटी, लेकीची परीक्षा संपली की निघायचं.

सुरुवात झाली एका मित्राच्या एक्सेल फाइलपासून. तो नवराबायको दोघंच गेले होते आणि बारा दिवसांत अख्खं बेट फिरून आले. क्राइस्टचर्चहून वर कायकोरा, पिक्टन, नेल्सन, मग पश्चिम किनाऱ्याने खाली हिमनद्या, वानाका, क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड, तिथून खालच्या टोकाला ब्लफ, मग डनिडिन आणि परत क्राइस्टचर्च. तीन हजारांच्या आसपास किलोमीटर. फाइल इतकी देखणी की कुणालाही मोह पडावा. प्रत्येक दिवसाला रंग, प्रत्येक रंगाला ठिकाण, आणि नकाशावर एक पूर्ण वर्तुळ.

बेटाचा नकाशा हा तसा लबाड प्रकार आहे. राजस्थानचा नकाशा बघून कुणी म्हणत नाही की आपण सगळा राजस्थान कडेकडेने फिरू. पण बेट दिसलं की बोट आपोआप किनाऱ्यावरून फिरायला लागतं आणि जिथून निघालं तिथे परत येईपर्यंत चैन पडत नाही. हे बेट आहे मात्र दीड लाख चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास निम्मं. त्यात माणसं बारा-तेरा लाख, म्हणजे पुणे शहराच्या निम्मीसुद्धा नाहीत. मधोमध सदर्न आल्प्सची भिंत. पूर्वेकडून पश्चिमेला जायचं तर मोजक्याच खिंडी.

फाइल मी टीव्हीवर लावली आणि घरच्यांना समजावून सांगितली. आमच्या धंद्याच्या भाषेत, रिक्वायरमेंट गोळा करायला बसलो.

आमचे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. पाटण डेपो. कराड–चिपळूण करताना कुंभार्ली घाट किती वेळा चढले-उतरले त्याचा हिशोब नाही. शिवाय कोयना खोऱ्यातल्या मुक्कामी गाड्या. ज्यांनी खेड्यात दिवस काढलेत त्यांना मुक्कामी गाडी सांगायला नको. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन गाडी गावात येते, तिथेच थांबते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघते. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गाडीतच झोपतात, नाहीतर देवळात.

त्यामुळे कॅम्परव्हॅन म्हणजे काय ते अण्णांना अर्ध्या मिनिटात कळलं. "म्हणजे मुक्कामी गाडी," ते म्हणाले. "फक्त संडास आत." एवढी नेमकी व्याख्या कुठल्या कंपनीच्या साइटवर नसेल.

मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "ड्रायव्हर किती?"

एक. म्हणजे मी. बायको पुण्यात माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवते, पण सात मीटर लांब आणि तीन मीटरहून उंच डबा आपण चालवणार नाही हे तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं. तर ड्रायव्हर एक आणि किलोमीटर तीन हजार. अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "ह्या ड्यूटीवर कुठला डेपो मॅनेजर सही करणार नाही."

तिथून प्लॅन पहिल्यापासून लिहायला घेतला. ठिकाणांची यादी बाजूला ठेवली आणि गाडीत बसणाऱ्या माणसांची यादी वर घेतली.

ड्रायव्हरपासून सुरू करतो, कारण ते सोपं आहे. तिथे वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे निम्मी भीती कमी. इंग्रजीत छापलेलं आपलं लायसन पर्यटकाला चालतं. मोकळ्या रस्त्यावर मर्यादा ताशी १०० किलोमीटर, साडेतीन टनांवरच्या गाडीला ९०. पण रस्ते बहुतेक दुपदरी, वळणांचे, आणि अनेक पूल एकेरी. एकेरी पुलावर आधी कुणी जायचं ते बाणांच्या पाटीवर लिहिलेलं असतं. आपला बाण लहान आणि लाल असेल तर आपण थांबायचं. नकाशाचं अॅप मोटारीचा वेळ सांगतं, व्हॅनला त्याच्या सव्वापट धरावा. शिवाय एप्रिलअखेर म्हणजे तिकडची शरद संपत आलेली, सूर्य साडेपाच-सहाला गुडूप. अंधार पडल्यावर अनोळखी रस्त्यावर गाडी नको हा अण्णांचा नियम, आणि रोज चार तासांपेक्षा जास्त स्टिअरिंग नको हाही. विमानातून उतरल्या दिवशी तर गाडी ताब्यातच घ्यायची नाही. पहिली रात्र क्राइस्टचर्चच्या हॉटेलात.

अवघड होतं ते आईचं. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "ह्यांनी उभा जन्म गाडीत झोपून काढला. मी काय म्हणून झोपू?"

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. अण्णा मुक्कामाला गेले की आम्ही दोघं भाऊ, आजी आणि आई घरी. पावसाळ्यात कौलं गळायची, लाईट जायची, आजीचा दमा उसळायचा. मोबाइल नव्हते. गाडी घाटात अडकली तर दुसऱ्या दिवशी दुपारी कळायचं. अण्णांच्या मुक्कामी गाडीच्या गोष्टी आम्ही शेकडो वेळा ऐकल्यात, त्यात गावातलं कोण गरम भाकरी आणून द्यायचं, कुठल्या देवळात भजन असायचं. आईच्या बाजूने त्याच रात्रीच्या गोष्टी कुणी विचारल्याच नव्हत्या.

तिचा दुसरा प्रश्न आणखी सरळ होता. "त्या गाडीत ओटा आहे म्हणतोस. मग तिकडे जाऊनही पोळ्या मीच करायच्या का?"

कॅम्परव्हॅनच्या जाहिरातीत दिसतं काय, तर तळ्याकाठी उभी गाडी, बाहेर खुर्च्या, हातात कॉफी. त्या फोटोत भांडी घासणारं कुणी नसतं. गाडी म्हणजे घर, आणि घर म्हटलं की घरातली सगळी कामं आपल्याबरोबर ताशी ९०च्या वेगाने फिरणार. सहा जणांच्या व्हॅनमध्ये मागची बैठक रोज रात्री उलगडून पलंग करावा लागतो आणि सकाळी परत बैठक. केबिनच्या वरचा पलंग शिडीचा, तो आई-अण्णांच्या गुडघ्यांना बाद. पाण्याची टाकी भरायची, सांडपाण्याची रिकामी करायची. आणि संडासाची कॅसेट दर एक-दोन दिवसांनी डम्प स्टेशनवर नेऊन ओतायची. हे काम माझं. आमच्यात याला गार्बेज कलेक्शन म्हणतात, फक्त तिथे ते आपोआप होतं. :)

तेव्हा एक्सेलमध्ये नवा कॉलम आला, 'कोण करणार'. सकाळचा चहा अण्णा. अंथरुणं लेक आणि मी. रात्रीचं जेवण एक दिवस मी, एक दिवस बायको, तिसऱ्या दिवशी बाहेर. आईच्या नावापुढे एकही काम नाही. तिने ते वाचलं आणि "बघू किती दिवस टिकतं" म्हणाली, पण कॉलम पुसू दिला नाही.

झोपण्याचा तोडगा हॉलिडे पार्कांनी काढला. तिकडे हे प्रकरण छान आहे. व्हॅनसाठी विजेची जोडणी असलेली जागा, गरम पाण्याच्या अंघोळी, कपडे धुवायची यंत्रं, मोठं सामायिक स्वयंपाकघर, आणि त्याच आवारात भाड्याच्या छोट्या खोल्या. म्हणजे व्हॅन दारात आणि आई-अण्णा खोलीत असं जमतं. फुकटात कुठेही गाडी लावून झोपायचे दिवस मात्र संपले. २०११च्या कायद्याने गावागावांना नियम करायचे अधिकार दिले, आणि २०२३च्या कायद्याने गाडीला 'स्वयंपूर्ण' म्हणवून घ्यायचं तर पक्का बसवलेला संडास सक्तीचा केला. लोक झुडपांमागे काय करून ठेवायचे ते लक्षात घेता बरंच झालं म्हणायचं. आई म्हणाली, "दोन रात्री गाडीत झोपून बघते. नाही जमलं तर खोली." म्हणून खोल्या रद्द करता येतील अशाच धरल्या आहेत.

खाण्याचा विषय निघाला तसा आईने मेतकूट, भाजणी, लोणचं अशी यादी करायला घेतली. न्यूझीलंड याबाबतीत कडक आहे. बेटावरची शेती आणि जंगल बाहेरच्या किडीपासून वाचवायचं म्हणून प्रत्येक खाद्यपदार्थ उतरल्यावर जाहीर करावा लागतो. फळं, मध बॅगेत नकोतच. जाहीर केलं तर फार तर काढून घेतात, लपवलं तर ४०० डॉलर जागेवर दंड. बुटांना चिकटलेली मातीसुद्धा चालत नाही, त्यामुळे अण्णांचे शेतावरचे बूट घरीच राहणार. क्राइस्टचर्चमध्ये भारतीय वाणसामान मिळतं, पहिल्याच दिवशी डाळ-तांदूळ-मसाले भरून घेऊ. आईने यादीवर काट मारली आणि पाकीटबंद लोणच्याची एक बरणी तेवढी ठेवली. ती जाहीर करायची जबाबदारीही माझीच.

लेकीची एकच अट, आकाश. टेकापो तळ्याच्या आसपासचा प्रदेश २०१२पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्ह आहे. तिथे रस्त्यावरच्या दिव्यांनासुद्धा नियम आहेत. त्रिशंकूचे तारे आपल्याकडेही उन्हाळ्यात दक्षिणेला खाली दिसतात, पण मॅगेलनचे ढग, म्हणजे आपल्या आकाशगंगेशेजारच्या दोन छोट्या दीर्घिका, महाराष्ट्रातून काही दिसत नाहीत. ते बघायचे तर चंद्र नको. म्हणजे अमावस्या हवी. आईने कालनिर्णय उघडलं आणि म्हणाली, अमावस्येला घराबाहेर पडायचं नाही. दोन्ही अटी बरोबर, दोन्ही पक्क्या. उत्तरही सोपं निघालं. तीन-चार दिवस आधी निघायचं आणि अमावस्या टेकापोला गाठायची. संबंध प्लॅनमधली एकमेव तारीख जी आजी-नातीने मिळून ठरवली. रात्री थंडी शून्याजवळ जाऊ शकते, तेव्हा व्हॅनचा हीटर चालतो का ते ताब्यात घेतानाच बघायचं, ही एक नोंद.

आता रस्ता. क्राइस्टचर्च ते टेकापो २३० किलोमीटर, दोन रात्री. मग ट्वाइझेलला एक, तिथून आओराकी म्हणजे माउंट कुकच्या पायथ्याशी जाऊन यायचं. ३,७२४ मीटर, देशातलं सर्वांत उंच शिखर. डिसेंबर १९९१मध्ये याच्या माथ्यावरचा कडा कोसळला आणि डोंगराची उंची दहा मीटरनी घटली. एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या आधी याच डोंगरावर तयार झाले, आणि तिकडच्या पाच डॉलरच्या नोटेवर हिलरी आणि हा डोंगर शेजारी शेजारी आहेत. अण्णांना ती नोट हवी आहे. मग लिंडिस खिंडीतून वानाका, दोन रात्री. मग ते अनाउ, तीन रात्री.

ते अनाउपासून मिलफर्ड साउंड १२० किलोमीटर. वाटेत होमर बोगदा. १९३५ला मंदीच्या काळात बेकार मजुरांनी कुदळ-फावड्याने सुरू केलेलं काम, १९५४ला वाहतूक सुरू झाली. सव्वा किलोमीटर, आत चांगलाच उतार. बोगद्याजवळ किआ नावाचे पोपट गाड्यांचं रबर कुरतडायला टपलेले असतात. हा दिवस मी व्हॅनने करणार नाही. व्हॅन ते अनाउला उभी, आणि आम्ही पाचही जण टूरच्या बसने. कारण अगदी साधं, त्या रस्त्यावर बघण्यासारखं सगळं खिडकीबाहेर आहे आणि ड्रायव्हरला समोर बघावं लागतं. अण्णांना हे फार पटलं. ड्रायव्हरच्या सीटवरून घाट दिसतो पण बघता येत नाही, असं ते म्हणाले.

मिलफर्डला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. "कोयनेतून उठून पाऊस बघायला एवढ्या लांब?" इति आई. पण पाऊस असेल तर तिथल्या सरळसोट कड्यांवर जागोजाग धबधबे फुटतात, आणि जास्त झाला तर रस्ताच बंद होतो. म्हणून तिसरी रात्र मोकळी. आज नाही तर उद्या.

इथे माझ्यातल्या प्रोग्रॅमरला त्रास देणारी गोष्ट आली. मिलफर्डहून पश्चिम किनाऱ्याने सरळ वर हास्टला जायला रस्ता नाही. हॉलीफर्ड खोऱ्यातून रस्ता काढायच्या योजना अनेकदा झाल्या, झाला नाही. म्हणजे ते अनाउहून वानाकाला आल्या वाटेने परत. एकच रस्ता दोनदा, २३० किलोमीटर. मित्राच्या फाइलमध्ये हे टाळण्यासाठीच ब्लफ आणि डनिडिनचा वळसा होता. मीही अण्णांना म्हटलं, आलेल्या रस्त्याने परत जायचं म्हणजे दिवस फुकट.

"फुकट कसा?" अण्णा म्हणाले. "जाताना डावीकडचं बघायचं, येताना उजवीकडचं. मी चाकरीभर अप-डाऊनच केलं की. कुंभार्ली सकाळी वेगळा असतो, संध्याकाळी वेगळा."

त्या वाक्यानंतर वर्तुळ गेलं. उत्तरेचं कायकोरा-नेल्सन गेलं, दक्षिणेचं डनिडिन-ब्लफ गेलं. उरले सतराशेच्या आसपास किलोमीटर, वेडीवाकडी वाट, मध्ये एक अप-डाऊन. नकाशावर दिसायला काही खास नाही. पण रोज दुपारी तीनला गाडी उभी.

वानाकाहून पुढे हास्ट खिंड. हा रस्ता १९६५ला खुला झाला आणि पूर्ण डांबरी व्हायला १९९५ उजाडलं. पलीकडे पश्चिम किनारा, जंगल आणि समुद्र, लांब टप्प्यांवर मोबाइलला रेंज नाही. फॉक्स आणि फ्रान्झ जोसेफ या हिमनद्या इतक्या मागे सरकल्यात की पायथ्यापर्यंत चालत जायची सोय आता नाही, लांबून बघायच्या किंवा हेलिकॉप्टरने. या किनाऱ्याला रस्ता एकच. मार्च २०१९मध्ये पुरात फ्रान्झ जोसेफचा वायहो पूल वाहून गेला. फॉक्स ते फ्रान्झ जोसेफ हे २३ किलोमीटरचं अंतर, पूल परत उभा राहीपर्यंत, अडीच आठवडे, हजार किलोमीटरहून मोठ्या वळशाचं झालं. आमच्या क्षेत्रात अशा एकाच धाग्यावर लटकलेल्या व्यवस्थेला नावं ठेवतात. तिथले लोक त्याच रस्त्यावर राहतात. पर्यटकाने एवढंच करावं की परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी त्या किनाऱ्यावर असू नये. म्हणून होकिटिकाला एक जादा दिवस राखून ठेवला आहे, आणि तिथून आर्थर्स पास ओलांडून शेवटची रात्र क्राइस्टचर्चला. ९२० मीटरची खिंड, पश्चिमेच्या अंगाला ओटिराचा ४४० मीटर लांब पूल, १९९९चा. त्याचे फोटो अण्णा रोज रात्री बघतात.

जाता जाता दोन बारीक सूचना, कुणी जाणार असेल तर. व्हॅन बहुधा डिझेलची असते, आणि डिझेलच्या गाडीला तिकडे किलोमीटरप्रमाणे रस्त्याचा कर पडतो, तो भाड्यात धरलेला आहे का ते विचारून घ्या. आणि २५ एप्रिलला अॅन्झॅक दिन, त्या दिवशी दुपारी एकपर्यंत बहुतेक दुकानं बंद.

एक गोष्ट राहिली. तिसऱ्या वीकांताला, सगळे उठून गेल्यावर, अण्णा म्हणाले, "माझं लायसन चालंल का रे तिथं?"

अण्णांचं वय ७२. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, साखर आहे. खाजगी गाडीचं लायसन नूतनीकरण करून जपून ठेवलंय. मी खरं ते सांगितलं. कायद्याने चालेल. भाड्याच्या कंपनीची वयाची आणि विम्याची अट बघावी लागेल. अडकलेलं उत्तर यापैकी कशातच नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. मी "विचारून सांगतो" म्हटलं, आणि खरंच विचारायला मेल लिहिली.

कंपनीचं उत्तर यायच्या आत, दोन दिवसांनी सकाळी चहा घेताना ते आपणहूनच म्हणाले, "एका गाडीवर एकच ड्रायव्हर बरा. दोघं झाले की गाडी कुणाचीच राहत नाही. मी शेजारी बसतो." थोड्या वेळाने म्हणाले, "पण ही गाडी मागं घ्यायला माणूस लागणार. आरशात काय दिसणार तुला?"

लागणारच. एवढी लांब व्हॅन मागे घेताना एकाने खाली उतरून मागे उभं राहावं असं कंपनीच्या सूचनांमध्येही लिहिलं आहे. एक्सेलमध्ये 'रिव्हर्स' असा रकाना केला आणि चौदाही दिवस त्यांचं नाव घातलं. त्यांनी कपाटातून जुनी शिट्टी शोधून काढली आहे. कंडक्टरची, त्यांची नव्हे. निवृत्तीच्या दिवशी कंडक्टरने दिलेली.

काल आईने विचारलं, गाडीत झोपल्यावर रात्री थंडी वाजायची का हो तुम्हाला? अण्णा म्हणाले, वाजायची की. पुढचं मी ऐकलं नाही, दोघं गॅलरीत बसून बराच वेळ बोलत होते.

तूर्तास एवढंच. व्हॅनची आगाऊ रक्कम उद्या भरतोय.